पोवाड्याने राखलेली गढी

दिवस पहिला : एडिंबरा ते ट्वीडबँक

बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सहलीला नेऊ नये. लोक देखावा बघतात, आम्ही भिंतीतली ओल बघतो. स्कॉटलंडमध्ये एडिंबराला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तळी, डोंगर आणि त्या तळ्यातलं जगप्रसिद्ध जनावर असा चार दिवसांचा बेत आखून ठेवला होता. मी म्हटलं, "जनावर राहू दे. मला इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या गढ्या दाखव."

"मावशी, इथं कॅसल असतात."

"कॅसल वेगळे, गढ्या वेगळ्या."

इंग्रजीत त्यांना टॉवर हाऊस म्हणतात, पण वस्तू गढीच. राजाचा किल्ला नव्हे की फौजेचा तळ नव्हे. वतनदाराचं, तिकडच्या बोलीत 'लेअर्ड'चं, राहतं घर. शेजारी भरवशाचे नाहीत म्हणून भिंती जाड, एवढंच. आपली गढी आडवी पसरते : कोपऱ्यांना बुरूज, मधे चौक, चौकाभोवती सोपे. ही उभी वाढते. खाली कोठार, त्यावर दिवाणखाना, त्यावर मालकाची निजायची खोली, त्यावर आणखी एक मजला आणि डोक्यावर पहारेकरी. गावातला वाडा उचलून बुडावर उभा केला तर जे दिसेल ते.

शुक्रवारी भाच्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटीच रेल्वेने पुढे निघाले. एडिंबराच्या वेव्हर्ली स्थानकातून ट्वीडबँकला जायला तासभर लागतो. हा मार्ग १९६९ साली बंद झाला होता. त्यातला उत्तरेकडचा तुकडा सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. सेहेचाळीस वर्षं मेलेला रेल्वेमार्ग जिवंत करणारी माणसं आहेत म्हटल्यावर मला इथल्या पडक्या घरांबद्दलही आशा वाटायला लागली.

ट्वीडबँकहून वीसेक मिनिटं चाललं की अ‍ॅबट्सफर्ड, म्हणजे कवी-कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटचं घर. इथं सगळे जातात, मीही गेले. घर मला फारसं आवडलं नाही. हौशी माणसाने शिखरं, बुरूज, चिलखतं सगळं एकाच ताटात वाढल्यासारखं वाटतं. मात्र एक गोष्ट बघून थांबले. एडिंबराचा जुना तुरुंग पाडला तेव्हा त्याचा दरवाजा स्कॉटने आणून इथल्या भिंतीत बसवलाय. पडणाऱ्या वास्तूचा तुकडा घरी आणायचा या माणसाला नादच होता. पण एक गढी त्याने घरी न आणता, जागच्या जागी वाचवली. तीच उद्या बघायची होती.

दिवस दुसरा : स्मेलम

शनिवारी सकाळी भाचा गाडी घेऊन आला. सोबत सुनेने दिलेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. स्मेलम टॉवर केल्सो गावापासून साधारण दहा किलोमीटरवर आहे. मुख्य रस्ता सोडला की अरुंद वाट सँडीनो नावाच्या शेताच्या थेट अंगणातून जाते. कुणाच्या खळ्यातून गाडी घालतोय असं वाटून भाचा दोनदा थांबला. वाट तीच. पुढे फाटक, मेंढ्या, कोकरं आणि मग एकदम कातळ.

कातळ बघितला आणि मी गाडीतच म्हटलं, "अरे, हा तर आपला!" काळपट, ठिसूळ कडांचा, ज्वालामुखीतून आलेला दगड. वय आपल्या दख्खनच्या खडकापेक्षा कितीतरी जास्त, पण जात भाऊबंदांची. त्याच दगडाचा अनघड तुकडा-तुकडा रचून गढी उठवलीय आणि कोपरे, खिडक्या, दाराच्या चौकटी मात्र तांबड्या वालुकाश्माच्या घडीव दगडात. कारण उघड आहे. या काळ्या दगडाला नीट कोन देणं म्हणजे पाथरवटाच्या हाताचे हाल. कोपरा सरळ हवा तर मऊ दगड आणा. आपल्याकडे एवढ्या लहान घरासाठी दुसरीकडून दगड आणायला कुणी धजलं असतं का, माहीत नाही. आपले पाथरवट बेसॉल्टच घडवत बसले.

उंची वीस मीटर. आजूबाजूला झाड नाही, दुसरं घर नाही. खाली एक छोटं तळं, मे महिन्यात फुललेली पिवळी काटेरी झुडपं, आणि वारा. वारा म्हणजे असा, की बोललेलं वाक्य अर्धं मेंढ्यांना ऐकू जातं.

ही गढी प्रिंगल घराण्याची. डग्लस सरदारांच्या पदरी असलेली ही माणसं पंधराव्या शतकात इथं आली. सगळी मालमत्ता चार पायांची, म्हणजे गुरं आणि मेंढ्या. आणि चार पायांची मालमत्ता रातोरात पलीकडे जाऊ शकते. इंग्लंड-स्कॉटलंडचं युद्ध चालू असो वा नसो, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या टोळ्या एकमेकांची गुरं हाकून नेत. या लोकांना रीव्हर म्हणत आणि त्यात लेअर्ड मंडळीही असत. आज माझी गुरं तुझ्याकडे, पुढच्या अमावास्येला तुझी माझ्याकडे. १५३५ साली स्कॉटलंडच्या संसदेने कायदाच केला, की सरहद्दीवर शंभर पौंडांची जमीन असणाऱ्या प्रत्येकाने साठ फूट चौरस दगडी-चुनेगच्ची आवार बांधावं, भिंत एक एल जाड आणि सहा एल उंच. स्कॉटिश एल म्हणजे सदतीस इंच. थोडक्यात जवळजवळ मीटरभर जाडीचा, साडेपाच मीटर उंचीचा तट, आत कुळं आणि त्यांची जनावरं मावतील असा. या आवाराला बार्मकिन म्हणतात. घर बांधण्याचे सरकारी आदेश मी नोकरीत खूप वाचले. त्यात गुरांची एवढी काळजी कधी दिसली नाही.

स्मेलमच्या बार्मकिनचा तट आता कमरेएवढा उरलाय. १९८०च्या सुमारास इथं उत्खनन झालं, तेव्हा आतल्या स्वयंपाकघराची आणि बाहेरच्या दिवाणखान्याची जोती सापडली. म्हणजे उभ्या गढीत सगळं कोंबलेलं नव्हतं. माणसं खाली ऐसपैसही राहत होती आणि संकट आलं की वर चढत होती.

दार लहान. आपल्या दिंडी दरवाजासारखं वाकून जावं लागतं. आत लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा, त्याला 'यट' म्हणतात. पट्ट्या एकमेकींत ओवलेल्या असतात, नुसत्या ठोकलेल्या नव्हे. लाकडी दार जाळलं तरी हा उभा. १६०३ साली दोन्ही देशांचा राजा एकच झाला, आणि १६०६ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने फर्मान काढलं की सरहद्दीवरचे हे लोखंडी दरवाजे काढा आणि त्यांचे नांगराचे फाळ करा. फर्मान निघालं खरं. दरवाजा इथं माझ्यासमोर होता. सरकारी पत्राची तामिली कशी होते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

गोल जिना एका कोपऱ्यात, भिंतीच्या पोटात. दोराला धरून चढायचं. तळमजल्याला दगडी कमानीचं छत, दिवाणखान्यात मोठी चूल, खिडक्यांच्या कोनाड्यांत दोन्ही बाजूंना दगडी बैठका. भिंतीच्या जाडीतच शौचकूप. त्याची मोरी बाहेरच्या भिंतीवर दिसते, आणि भाच्याने तिचे फोटो गढीपेक्षा जास्त काढले. वरच्या मजल्यालाही दगडी कमान आहे. माझ्या मते ही कमानच खरी रखवालदार. लाकडी आढी कुजली, छप्पर गेलं, तरी कमान असेल तोवर पाणी थेट आत उतरत नाही. घर छपरापासून मरतं, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल.

सगळ्यात वर सज्जा. उत्तरेच्या बाजूला धुराड्याला टेकून पहारेकऱ्यासाठी दगडी आसन केलंय आणि शेजारी कंदील ठेवायला कोनाडा. मी त्या आसनावर बसले. पाठीला धुराडं. खाली चूल पेटलेली असेल तर पाठ उबदार राहत असणार. नाक गोठलेलं आणि पाठ शेकलेली अशी ती नोकरी. समोर ईल्डन टेकड्यांचे तीन सुळके आणि दुसऱ्या अंगाला चेव्हियटची रांग. त्या रांगेपलीकडे इंग्लंड.

त्याच बाजूला, पूर्वेकडे, फ्लॉडन आहे. ९ सप्टेंबर १५१३ रोजी तिथं स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स मारला गेला आणि त्याच्याबरोबर सरदारांची अख्खी पिढी. स्मेलमचा डेव्हिड प्रिंगल त्यात होता, त्याचे चार मुलगेही. या घरातून पाच माणसं गेली. पहारेकऱ्याला या आसनावरून परत येणारा कोण दिसला असेल, असा विचार आला आणि पुऱ्यांचा डबा उघडायला थोडा वेळ लागला.

पुढे १५४०च्या दशकात इंग्रजांच्या धाडी आल्या. १६४५ साली गढी हार्डनच्या स्कॉट घराण्याकडे गेली. त्यांनी आवारात साधं घर बांधलं, मग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सगळेच खालच्या सँडीनोच्या शेतघरात राहायला गेले आणि गढी ओस पडली. वैर संपलं की गढीचं काम संपतं. गोल जिन्याने पाणी वाहून कोण नेईल?

आता वॉल्टर स्कॉट. १७७१चा जन्म. दीड वर्षाचा असताना आजाराने उजवा पाय गेला. आज त्याला पोलिओ म्हणतात. शहरातली हवा बाधते म्हणून त्याला आजोबांकडे पाठवलं, आणि आजोबांकडे या सँडीनोची जमीन कसायला होती. ताज्या सोललेल्या मेंढीच्या कातड्यात पोराला गुंडाळायचा उपायही झाला. पाय बरा झाला नाही. पण मेंढपाळ त्याला या कातळावर मेंढ्यांबरोबर नेऊन ठेवत, आणि आजी-आत्या रात्री धाडींच्या गोष्टी सांगत. सांगतात, की एकदा पाऊस आला तेव्हा सगळे त्याला विसरून आले; आत्या धावत गेली तर पोरगं पाठीवर पडून प्रत्येक विजेला टाळ्या वाजवत होतं.

मोठेपणी परत आला तेव्हा गढीची नासधूस चालली होती. स्कॉटने मालकाला, म्हणजे आपल्या दूरच्या भाऊबंदाला, गळ घातली. तो गमतीत म्हणाला म्हणे, "माझ्या गढीवर एक बॅलड लिही, मग राखतो." स्कॉटने 'द ईव्ह ऑफ सेंट जॉन' लिहिलं. बॅलडला आपण पोवाडा म्हणतो, पण हा पोवाडा पराक्रमाचा नाही. स्मेलमच्या सरदाराने बायकोच्या प्रियकराला मारलेलं, आणि तो मेलेलाच तिला भेटायला येतो, अशी भुताची गोष्ट आहे. भूत तिच्या मनगटावर जळालेल्या बोटांचा वण ठेवून जातं. प्रिंगलांच्या इतिहासाशी याचा काडीचा संबंध नाही. खऱ्या पाच मेलेल्या माणसांनी गढी वाचवली नाही, खोट्या एका भुताने वाचवली.

सरकारच्या ताब्यात ती आली १९५० साली. १९८०च्या दशकात छप्पर आणि मजले घातले. आतमध्ये स्कॉटच्या पोवाड्यांतली पात्रं बाहुल्यांच्या रूपात मांडली होती. मला भिंतीच बऱ्या वाटल्या. भाचा म्हणाला, "मावशी, तू भिंतीला हात लावून डोळे मिटलेस, लोक बघत होते." लोक म्हणजे एक जर्मन जोडपं. बघू देत.

दिवस तिसरा : ग्रीननो

आज गॉर्डन गावाजवळची ग्रीननो गढी. स्मेलमहून जवळच. रस्त्याला लागून हिरव्या उंचवट्यावर उभी, पूर्वी भोवताली दलदल होती. दारावरच्या दगडात सेटन आणि एडमंडस्टन घराण्यांची चिन्हं, नवराबायकोची आद्याक्षरं आणि साल १५८१. जेम्स सेटन आणि जेनेट एडमंडस्टन. लग्नाची पत्रिका दगडात कोरून दारावर लावली, तीही बायकोच्या माहेरच्या नावासह. आमच्याकडे घराच्या पाटीवर सुनेचं नाव यायला अजून वाद होतात.

ही गढी स्मेलमसारखी साधा ठोकळा नाही. इंग्रजी एल अक्षरासारखा आकार, पंखात रुंद जिना, कोपऱ्यांवर बाहेर काढलेल्या गोल घुमट्या, पायऱ्या-पायऱ्यांचे त्रिकोणी माथे. संरक्षण अजून आहे, पण हौस वाढलीय. लोखंडी यट इथंही शाबूत. नांगराचे फाळ कुठे झाले कोण जाणे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथं माणसं राहत होती. आज छप्पर नाही, मजले नाहीत. दिवाणखान्यात उभं राहून वर बघितलं की ढग.

भाच्याने तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात : "स्मेलमला छप्पर घातलं, मग याला का नाही?"

मला याचं उत्तर द्यायला आवडतं. पडक्या वास्तूचे दोन धर्म असतात. एक, जेवढा पुरावा आहे आणि जेवढ्याने आतलं वाचतं तेवढं परत करायचं. दुसरा, पडकं आहे ते पडकंच ठेवायचं, पण आणखी पडू द्यायचं नाही. दुसरा धर्म ऐकायला सोपा आणि पाळायला महाग. छप्पर नसलेल्या भिंतीचा माथा म्हणजे उघडी जखम. त्यावर पाणी थांबतं, आत झिरपतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगड सुटतो. म्हणून माथ्यावर चुन्याचा थर देतात, किंवा काही ठिकाणी सरळ माती घालून गवताची लादी लावतात. गवत पाणी शोषतं, पांघरुणासारखं गारठाही अडवतं. आमच्याकडे किल्ल्याच्या भिंतीवरचं गवत उपटायला आम्ही माणसं लावायचो! झाडाचं मूळ आणि गवताचं मूळ यात फरक असतो हे मान्य करायला मला इथवर यावं लागलं.

मग दर्जांकडे गेले. दोन दगडांमधल्या फटीला आम्ही दर्ज म्हणतो, आणि म्हातारा गवंडी दगड नाही, दर्जा बघून काम ओळखतो. विसाव्या शतकात इथल्या जुन्या वास्तूंच्या दर्जा सिमेंटने भरायची पद्धत होती. मजबूत, स्वस्त, लवकर. चूक पुढे कळली. जुन्या भिंतीतलं पाणी चुन्याच्या दर्जेतून बाहेर पडतं. दर्ज सिमेंटची झाली की पाणी दगडातून वाट काढतं, आणि तांबडा वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटायला लागतो. दर्ज शिल्लक, दगड गायब! खिडकीच्या एका चौकटीशी मला अगदी असंच दिसलं : मळकट कडक रेघ पुढे आलेली आणि दगड बोटभर आत गेलेला. आता पुन्हा चुना वापरतात. चुना मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवायचा, म्हणजे झिजायचंच असेल तर तो झिजेल. तो दर पिढीला पुन्हा भरावा लागतो, हाच त्याचा गुण आणि हीच अडचण. भरणारा हात प्रत्येक पिढीत हवा.

मी हेच सिमेंट भरायच्या कामांवर सह्या केल्यात, तेही जुन्या तटबंदीच्या. कुठल्या, ते सांगत नाही. गूळ आणि हिरडा घालून घाण्यात मळलेला चुना अंदाजपत्रकात कुठल्या दराने लावायचा हे त्या वेळी आमच्या दरसूचीत नव्हतं, आणि जे दरसूचीत नाही ते अस्तित्वात नसतं.

इथलं सरकारी खातं, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड, तीनशेहून जास्त वास्तू सांभाळतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी उंचावरच्या बांधकामाची तपासणी सुरू केली आणि बऱ्याच ठिकाणी कुंपणं घालून लोकांना दूर ठेवलं. लोक चिडले. कारण साधं होतं : हवा बदलतेय, पाऊस जोराने आणि जास्त पडतोय, आणि पाचशे वर्षांचा दगड डोक्यावर पडला तर तो स्कॉटिश आहे याचं कौतुक राहत नाही. कुंपण घालणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मला सहानुभूती आहे.

दुपारी ड्रायबर्ग मठात स्कॉटची कबर बघितली. पाऊस लागला होता, पटकन निघालो.

दिवस चौथा : एल्फिन्स्टन

हा दिवस बेतात नव्हता. परतीच्या वाटेवर नकाशात एडिंबराच्या पूर्वेला, ट्रॅनेंट गावाच्या खाली, एक नाव दिसलं : एल्फिन्स्टन. मी गिरणगावात वाढलेली. वडील रोज एल्फिन्स्टन रोडला उतरायचे. २०१८ साली स्टेशनचं प्रभादेवी झालं, तरी भाऊ अजून जुनंच नाव घेतो. "गाडी वळव," म्हटलं.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला नाव दिलं ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं. पुण्याचा रेसिडेंट, १८१७ साली खडकीची लढाई झाली आणि पेशव्यांच्या फौजेने संगमावरची त्याची रेसिडेन्सी जाळली, तोच. पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. स्टेशनचं नाव त्याच्या पुतण्याचं, १८५३ ते १८६० गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉनचं. आणि दोघांचं आडनाव या कोळशाच्या गावाचं. घराण्याची ही शाखा पुढे पश्चिमेला स्टर्लिंगकडे गेली, तिच्यातला पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन फ्लॉडनलाच पडला, प्रिंगलांच्याच दिवशी. मूळ जमीन मुलीच्या वारशाने जॉन्स्टन घराण्याकडे आली आणि त्यांनी पंधराव्या शतकात इथं गढी बांधली.

ती गढी जाणकारांमध्ये भिंतींसाठी प्रसिद्ध होती. बाहेरून साधा आयत, पण भिंतींच्या जाडीत इतक्या खोल्या, कोनाडे आणि जिने कोरलेले, की आराखडा बघताना भिंत कुठली आणि घर कुठलं असा प्रश्न पडतो. धर्मसुधारक जॉर्ज विशर्ट याला पकडल्यावर इथंच आणून ठेवलं होतं. नंतर सेंट अँड्र्यूजला नेऊन १५४६च्या मार्चमध्ये जाळलं.

गढीने धाडी सोसल्या, वारसाहक्काचे तंटे सोसले. खालून माणसं कोळसा काढत गेली तेव्हा मात्र जमीन खचली, भिंती तडकल्या आणि १९५५ साली ती पाडली. आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. शेतं, झाडं, आणि त्या बाजूला जमिनीलगतचा अवशेष म्हणायचा तेवढा. स्मेलमसारखं टेकडीवरून हाक मारणारं काही नाही.

भाच्याने फोनवर जुना आराखडा शोधला. मॅकगिबन आणि रॉस या दोन वास्तुविशारदांनी स्कॉटलंडभर फिरून अशा इमारती मोजल्या आणि १८८७ ते १८९२ या काळात पाच खंड काढले. त्यात ही होती. गाडीच्या बोनेटवर फोन ठेवून आम्ही भिंतीतल्या खोल्या मोजायला लागलो. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येत होता. मग पावसाचे थेंब काचेवर पडले आणि आराखडा दिसेनासा झाला.

गावाच्या पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि भावाला पाठवला : "एल्फिन्स्टनला आलेय." दोन मिनिटांत त्याचं उत्तर : "स्लो पकडलीस ना? फास्ट थांबत नाही तिथं."